बेस गिटारचे जुने पार्ट आणि पेडल घेताना-विकताना

बेळगावात बेस गिटारचा एक ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारा अडकवायचा भाग, विकायला काढला, तर त्याला गिऱ्हाईक आपल्याच गल्लीत मिळेल याची खात्री नाही. ते मडगावात असेल, कोल्हापुरात असेल, हुबळीत असेल, नाहीतर खानापूरच्या एखाद्या चर्चमध्ये दर रविवारी वाजवणारा पोरगा असेल. सहा तारांच्या गिटारचे लोक सगळीकडे भेटतात, बेस वाजवणारे मोजकेच. त्यामुळे माल शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणार, घेणारा फोटो आणि वर्णन बघूनच ठरवणार, आणि माप चुकलं तर पार्सल परत येणार. म्हणून या व्यवहारात सगळ्यात आधी मिलिमीटर येतात, मग मीटरवरचे आकडे, आणि भाव त्यांच्यानंतर. ज्या पार्टचं माप दिलेलं नाही तो स्वस्त असला तरी घेऊ नये, आणि स्वतः विकताना माप दिल्याशिवाय जाहिरात टाकू नये.

सोबत काय हवं

व्हर्नियर कॅलिपर लागतोच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणारा कोणी ना कोणी ओळखीचा असतोच, त्याच्याकडून तासाभरासाठी आणला तरी चालेल. साधा डिजिटल मल्टीमीटर, नवी ९ व्होल्टची बॅटरी, खात्रीची एक केबल, एक छोटी पॅच केबल, हेडफोन लागणारा लहानसा अॅम्प, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि अॅलन की. अॅलन कीचे दोन संच घ्या, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. अमेरिकन मापाच्या ब्रिजमधल्या स्क्रूला १/१६ इंचाची, म्हणजे १.५९ मिमीची की लागते. त्यात १.५ मिमीची घालून जोर लावला की षटकोन गोल होतो आणि तो स्क्रू पुन्हा फिरत नाही. जुन्या ब्रिजवर असे गोल झालेले स्क्रू दिसले तर आधीच्या मालकाने काय केलंय ते लगेच कळतं.

नेक

नेक, म्हणजे गिटारची लांब मान, हा सुट्ट्या पार्टांमधला सगळ्यात महाग आणि सगळ्यात जोखमीचा. पाच मापं घ्यायची.

पहिलं, स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी. नट ही नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, आणि फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नटच्या आतल्या कडेपासून १२ व्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. दुप्पट करण्याआधी ४३२ मिमी आलं तर ३४ इंची, म्हणजे नेहमीचा. ३८१ आलं तर ३० इंची शॉर्ट स्केल. ४४४.५ आलं तर ३५ इंची, जो पाच तारांच्या बेसमध्ये भेटतो. स्केल जुळत नसेल तर पुढची मापं घेण्यात अर्थ नाही, कारण ब्रिजची जागा बदलल्याशिवाय सूर लागणार नाही.

दुसरं, हील, म्हणजे बॉडीत बसणारं टोक. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या बेसमध्ये त्याची रुंदी ६३.५ मिमी असते. अर्धा मिमी जास्त असेल तर बॉडीचा खळगा किंचित तासता येतो. दोन मिमी कमी असेल तर नेक हलत राहतो आणि पाचर घालून केलेला जुगाड फार टिकत नाही. तिसरं, हीलची जाडी. चौथं, मागच्या चार स्क्रूंच्या भोकांतलं अंतर, जे फेंडर पद्धतीत ५१ बाय ३८ मिमी असतं. भोकं जुळत नसतील तर जुनी भोकं कडक लाकडाच्या खुंट्या आणि लाकडाचा गोंद वापरून बुजवायची, एक दिवस सुकू द्यायची आणि मग नवी पाडायची. पाचवं, नटची रुंदी: फेंडरच्या जॅझ बेस मॉडेलच्या नेकवर ३८ मिमी, प्रिसिजन मॉडेलच्या नेकवर ४१ ते ४४ मिमी. ही आवडीची बाब आहे, पण बोटं लहान असलेल्याला ४४ चा नेक महिनाभरात नकोसा होतो, त्यामुळे आकडा लिहिणं भाग आहे.

मापांनंतर तब्येत. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून हीलकडून नटकडे बघा. दोन्ही कडा एकसारख्या वळल्या असतील तर तो साधा बाक, नेकच्या आतल्या ट्रस रॉड नावाच्या सळईने निघतो. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर तो पीळ. पीळ पडलेला नेक कितीही स्वस्त असला तरी सोडा.

ट्रस रॉड फिरवून बघितल्याशिवाय नेक घ्यायचा नाही. योग्य मापाची की घालून फक्त पाव वळसा द्या. फेंडरच्या बऱ्याच नेकना ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिमीची की लागते, तिथे ४.५ ची घातली की रॉडच्या नटचे कोपरे घासून जातात. घट्ट करताना हाताला विरोध जाणवला पाहिजे. रॉडचा नट विरोधाशिवाय फिरत राहिला तर रॉड तुटलाय किंवा आटे गेलेत. नट अगदी शेवटापर्यंत घट्ट करून ठेवलेला असेल आणि तरीही नेक पुढे वाकलेला असेल, तर रॉडमध्ये आता काही शिल्लक नाही. तारा चढवलेल्या असतील तर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून ८ व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघा. ०.३ ते ०.४ मिमी असेल तर उत्तम, साधारण जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी.

फ्रेटची उंची व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजता येते. पहिल्या पाच फ्रेटवर ती ०.६ मिमीच्या खाली गेली असेल तर घासून सपाट करायलाही धातू उरलेला नाही आणि नवे फ्रेट घालावे लागतील. तो खर्च भावातून वजा झालाच पाहिजे.

तारांचा नट सुटा विकत घेऊ नका. त्यातल्या खाचा दुसऱ्याच्या तारांच्या जाडीला आणि अंतराला कापलेल्या असतात. नवा हाडाचा नट घेऊन कापून घेणं प्रत्येक वेळी बरं पडतं.

ब्रिज आणि चाव्या

ब्रिजचं मुख्य माप म्हणजे पहिल्या तारेच्या मध्यापासून शेवटच्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर. चार तारांत ५७ मिमी आलं तर दोन तारांमध्ये १९ मिमी, म्हणजे नेहमीचं. पाच तारांत ७२ आलं तर १८ मिमी, ७६ आलं तर १९. जाहिरातीत नुसतं ‘स्टँडर्ड’ लिहून भागत नाही. त्यानंतर बॉडीवर बसवायच्या स्क्रूंची संख्या आणि त्यांतलं अंतर. फेंडर पद्धतीत मागच्या कडेला एका रांगेत पाच स्क्रू असतात.

सॅडल, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते तो तुकडा. त्याचे उंचीचे स्क्रू एकेक करून वर-खाली फिरवा. घाटाखालच्या दमट हवेत राहिलेल्या आणि हाताच्या घामाने भिजलेल्या ब्रिजमध्ये हे हमखास गंजतात. दोन थेंब पातळ तेल टाकून रात्रभर ठेवल्यावर बहुतेक सुटतात. इंची आट्यांचा स्क्रू हरवला असेल तर साध्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळणं कठीण. तिथे मिलिमीटरचाच माल असतो. अशा वेळी सॅडल उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नेऊन भोक मोठं करून मिलिमीटरचे आटे पाडून घेता येतात. चारही सॅडलना एकदमच करा, म्हणजे पुढे एकच की लागेल. विकताना मात्र हा बदल सांगा.

चाव्यांच्या, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांच्या, बाबतीत हेडस्टॉकमधल्या (नेकच्या वरच्या रुंद टोकातल्या) भोकाचा व्यास निर्णायक. तो साधारण १४ ते १८ मिमीच्या दरम्यान वेगवेगळा असतो. मोठ्या भोकात लहान बुश (चावीभोवतीची कडी) ढिला राहतो आणि तार ताणली की चावी कलते. चारही एका बाजूला आहेत की दोन-दोन, हेही बघा, कारण डाव्या बाजूची चावी उजवीकडे लावली तर उलटी फिरते. प्रत्येक चावी दहा वळसे फिरवा आणि मग दिशा उलटा. दिशा उलटताना मोकळा फेर जास्त असेल, किंवा एखाद्या ठिकाणी दाता अडकत असेल, तर तो गिअर झिजलाय. चाव्या संचातच घ्या आणि संचातच विका. जुन्या पट्टीच्या नमुन्यात चावीमागे चार स्क्रू आणि एक बुश असतो. एक बुश कमी असला तरी सगळा संच अडून राहतो, म्हणून काढतानाच सगळं एका डबीत टाका.

पिकअप मीटरवर बघणं

इथे थोडा वेळ द्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक आणि सगळ्यात जास्त अनावश्यक भीती दोन्ही इथेच आहेत.

पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारी चुंबकावरची गुंडाळी; बॅटरीशिवाय चालतो तो पॅसिव्ह, बॅटरीवर चालतो तो अॅक्टिव्ह. मीटर २० किलोओहमवर लावा. पॅसिव्ह पिकअपच्या दोन वायरींवर दोन काड्या टेकवा. जॅझ बेसचा पिकअप साधारण ७ ते ९ दाखवतो, प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १० ते १२. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. शून्याजवळ दाखवत असेल तर आत किंवा वायरीपाशी शॉर्ट आहे.

प्रिसिजनच्या पिकअपमध्ये दोन तुकडे एकामागून एक जोडलेले असतात. म्हणून एक तुकडा तुटला की दोन्ही मुके होतात. एक तुकडा शॉर्ट झाला तर मीटर निम्मा आकडा दाखवतो, साधारण ५, आणि वाजवल्यावर दोन तारा ऐकू येतात, दोन जवळजवळ नाहीत. असा पिकअप मेलाय असं समजून मोडीत टाकणारे खूप. दोन तुकड्यांमधली जोडवायर आधी बघा. बऱ्याचदा तिथलाच सोल्डर दुसऱ्या टोकाला टेकलेला असतो आणि दोन मिनिटांत काम होतं.

पिकअप बेसमध्येच असेल आणि काढायला मालक तयार नसेल तर केबल जॅकमध्ये घालून दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मोजा, एक काडी टोकावर, एक नळीवर. व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा. इथे आकडा थोडा कमी येतो, कारण २५० किलोओहमचा पॉटही (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा फिरता रोधक) समांतर जोडलेला असतो. १०.५ चा प्रिसिजन पिकअप इथे १०.१ च्या आसपास दिसेल. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर ७.५ चे दोन पिकअप मिळून ३.६ दाखवतात. पिकअप बिघडलेत म्हणून इथेच सौदे मोडतात, आणि ते चुकीचं आहे. एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दुसरा एकटा ७ च्या जरा वर दिसेल, मग पहिला उघडून दुसरा शून्यावर न्या.

जॅझ बेसचे दोन पिकअप लांबीला सारखे नसतात. नेककडचा सुमारे ९२ मिमी, ब्रिजकडचा सुमारे ९४. जाहिरातीत ‘जॅझ पिकअप, एक नग’ एवढंच असेल तर लांबी विचारा. ९४ चा ९२ च्या खळग्यात बसत नाही, आणि बसवायला झाकण घासलं तर पुढे तो कुणाला विकताही येत नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे घेऊन जोडी करायची असेल तर आणखी एक अडचण येते. मूळ जोडीतले दोघे एकमेकांची गुणगुण कापतील अशा उलट गुंडाळीचे आणि उलट चुंबकाचे असतात. दोन सारखेच घेतले तर आवाज येईल, पण गुणगुण राहील. आणि दोन्ही एकत्र उघडल्यावर आवाज पोकळ, पातळ, नाकातला झाला तर एकाच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत; त्या अदलाबदल केल्या की खर्ज परत येतो.

अॅक्टिव्ह पिकअपवर ही ओहमची चाचणी लागू होत नाही. तिथे बॅटरी घालूनच ऐकायचं. ईएमजी या पिकअप कंपनीच्या नावाने नकली झाकणंही फिरतात. अॅक्टिव्ह म्हणून विकला जाणारा पिकअप बॅटरी काढल्यावरही नीट वाजत राहिला तर तो अॅक्टिव्ह नाही. त्याच कंपनीचे पॅसिव्ह पिकअपही असतात, म्हणून मॉडेलचं नाव नीट वाचा आणि त्याप्रमाणेच भाव द्या.

अॅक्टिव्ह पिकअप सोबतच्या २५ किलोओहमच्या पॉटांसकट घ्या. त्यांना २५० चे पॉट जोडले तर व्हॉल्यूम बटणासारखा चालू-बंद होतो. उलट पॅसिव्ह पिकअपला २५ चे लावले तर आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. अॅक्टिव्ह बेसचा जॅकही तीन टोकांचा असतो, कारण केबल घातली की बॅटरी चालू व्हावी अशी जोडणी त्यातूनच केलेली असते. केबल लावून ठेवली की बॅटरी उतरते, हे नवीन घेणाऱ्याला सांगून ठेवा.

सुटे पॉट, कपॅसिटर, वायरी यांचा स्वतंत्र बाजार करू नये. टोनचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर ४७३ छापलेलं असतं, नवा घेतला तरी काही रुपयांत येतो. पॉट फिरवताना खरखर करत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून पंचवीस-तीस वेळा फिरवा. नेहमीचं गंज काढायचं तेल तिथे मारू नका. ते धूळ धरून ठेवतं. बटणं घेताना पॉटच्या दांड्याचा व्यास विचारा, ६ मिमी आणि ६.३५ मिमी असे दोन प्रकार चालतात आणि ठोकून बसवल्यावर पॉटच मोडतो.

पेडल

पेडल म्हणजे बेस आणि अॅम्पच्या मध्ये जोडून आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी. आपल्याकडचा बेसवाला बहुतेक वेळा अॅम्पशिवाय वाजवतो. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या मंडपात, चर्चमध्ये बेस थेट मिक्सरला जातो. म्हणून डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची सोय) असलेली पेडल, कंप्रेसर (आवाजाची चढ-उतर समान करणारं), ट्यूनर आणि मल्टिइफेक्ट (एकात अनेक इफेक्ट असलेलं) यांना इथे मागणी राहते. आवाज फाडणारी फझ आणि सिंथेसायझरसारखा आवाज काढणारी सिंथ यांना गिऱ्हाईक शोधावं लागतं, पण भेटलं की ते घासाघीस कमी करतं.

वीज आधी. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, मधला पिन निगेटिव्ह, ५.५ बाय २.१ मिमीचा प्लग लागतो. पण तोच प्लग १२ आणि १८ व्होल्टच्या, मधला पिन पॉझिटिव्ह असलेल्या आणि काही एसी अडॅप्टरांवरही असतो. प्लग बसला म्हणजे जुळला असं मानू नका. पेडलवरचं आणि अडॅप्टरवरचं चित्र वाचा. अमेरिकेतून किंवा जपानमधून नातेवाइकांनी आणलेल्या पेडलसोबतचा जुना अडॅप्टर १२० किंवा १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तो लावला की तो जातोच, कधी पेडलही घेऊन जातो. अडॅप्टरवर ‘१०० ते २४०’ असं छापलेलं असेल तरच इथे लावा. दुबई-कुवेतहून आलेल्या अडॅप्टरला ही अडचण नाही, फक्त पिन बदलणारा सॉकेट लागतो.

‘अडॅप्टर लावला की काहीच होत नाही’ म्हणून स्वस्तात निघालेलं पेडल दिसलं तर मीटर काढा. पेडलच्या वीज सॉकेटवर दोन्ही दिशांनी ओहम मोजा. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर कुणीतरी उलटा अडॅप्टर लावला आणि आतल्या संरक्षणाच्या डायोडने स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं सर्किट वाचवलं, अशी शक्यता मोठी आहे. साधा १एन४००१ डायोड बदलला की असं पेडल बऱ्याचदा उठतं. सोल्डरिंग येत असेल तर हा फायद्याचा सौदा आहे. मल्टिइफेक्टच्या बाबतीत मात्र ही आशा धरू नका. त्यातली चिप गेली तर दुरुस्ती भावाच्या बाहेर जाते.

आता तपासणीचा क्रम, साधारण पंधरा मिनिटांचा.

पेडल बंद ठेवून मागचं झाकण उघडा. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर ते आधी उघडलं गेलंय. बॅटरीच्या क्लिपवर पांढरी किंवा हिरवी पूड असेल तर बॅटरी फुटली होती. पूड कोरड्या ब्रशने काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते आणि क्लिप बदलायला फारसा खर्च नाही, पण पूड बोर्डावर पसरून तांब्याच्या रेषा खाल्ल्या असतील तर सोडा. बोर्डावर नव्या, चकचकीत सोल्डरचे ठिपके दिसले तर काय बदललंय ते विचारा. चांगली दुरुस्ती हा दोष नाही. लपवलेली दुरुस्ती हा दोष आहे.

झाकण लावून आधी बॅटरीवर, मग अडॅप्टरवर चालवा. दोन्हीकडे चाललं पाहिजे. इफेक्ट बंद ठेवून वाजवा आणि तीच ओळ केबल थेट अॅम्पला लावून वाजवा. बंद असताना आवाज बराच मंदावत किंवा खरखरत असेल तर जॅक किंवा स्विच खराब आहे. मग इफेक्ट चालू करून मोकळी ई तार वाजवा, जिचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. गिटारसाठी बनवलेली बरीच ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारी) पेडल तिथेच खर्ज गिळतात. तुमच्याकडे मूळ आवाज मिसळायचं बटण असलेलं पेडल नसेल, तर असं ड्राइव्ह पेडल घेऊन बँडमध्ये बेस हरवल्यासारखा वाटतो. पाच तारांवर वाजवत असाल तर खालची बी तारही ऐका.

एकेक बटण शून्यापासून शेवटपर्यंत हळू फिरवा. पायाचा स्विच वीस वेळा दाबा, हाताने नाही, बूट घालून. नऊ पायांचा थ्रीपीडीटी स्विच असेल आणि पाचपैकी एकदा चुकत असेल तर तो बदलावा लागणार. स्विच स्वस्त आहे, पण नऊ जोड काढून परत सोल्डर करायची मजुरी धरा. जॅकमध्ये प्लग हलवून बघा. बहुतेक वेळा बाहेरचा नट ढिला असतो आणि पान्याचा पाव वळसा पुरतो, पण नट आवळताना आतला जॅक फिरू देऊ नका, नाहीतर वायर तुटते.

शेवटी पेडल दहा मिनिटं चालू ठेवून परत वाजवा. गरम झाल्यावर आवाज तुटणं हा दोष दोन मिनिटांच्या तपासणीत सापडत नाही.

डीआय पेडल असेल तर एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकच्या) केबलने मिक्सरला जोडल्याशिवाय घेऊ नका. ग्राउंड लिफ्टचा (ग्राउंडची जोडणी तोडणारा) स्विच दोन्हीकडे करून ऐका, फँटम पॉवरवर (मिक्सरकडून केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालणारं असेल तर बॅटरी काढून तेही बघा. घरच्या तपासणीत गुणगुण आली तर लगेच पेडलवर ढकलू नका. दोन पिनांचा बोर्ड, अर्थिंग नसलेलं घर, शेजारचा एलईडी दिवा किंवा पंख्याचा रेग्युलेटर यांतून ती येते. बॅटरीवर चालवल्यावरही गुणगुण राहिली आणि तारांना हात लावल्यावर कमी झाली नाही, तर मग केबल, बेस आणि पेडल एकेक बदलून शोधा.

मल्टिइफेक्ट घेताना फॅक्टरी रीसेट करून बघा, फिरकीचं बटण हळू फिरवताना आकडे उड्या मारतात का ते बघा, यूएसबी जोडून संगणक ओळखतो का ते बघा. विकताना तुमचे प्रीसेट काढून ठेवा आणि रीसेट करून द्या.

भाव

आधार धरायचा तो आज बिलासह नवीन मिळणाऱ्या वस्तूच्या भावाचा. चार वर्षांपूर्वी तुम्ही काय दिलं होतं त्याचा इथे उपयोग नाही. आमच्या मते खोक्यासह, पूर्ण चालू, रंग शाबूत असलेलं पेडल नव्याच्या ६० ते ७० टक्क्यांना जावं. खोका नाही, रंग उडालेला, पण चालू असेल तर ५०. दोष सांगून विकलं तर २५ ते ३०. पिकअप आणि ब्रिज ५० ते ६०. उत्पादन बंद झालेल्या आणि लोक शोधत असलेल्या मालाला हा हिशेब लागत नाही. तिथे मागितलेला भाव बघू नका, झालेला सौदा कितीला झाला ते विचारा.

नवीन १०,००० चं पेडल ६,००० ला ठरलं, पण स्विच बदलायचाय, तर स्विच आणि मजुरी ५०० धरून ५,५०० सांगा आणि कारण सांगा. कारण सांगून कमी केलेल्या भावाला विकणारा राग धरत नाही.

चांगल्या स्थितीतला पूर्ण बेस सुटा करून विकू नका. बॉडी कुणी घेत नाही आणि ती घरात पडून राहते. नेक तुटलाय किंवा बॉडी फुटलीये तेव्हाच पार्ट वेगळे करा. आणि बेसमध्ये नवा पिकअप बसवला असेल तर मूळचा जपून ठेवा. विकताना मूळचा परत बसवून द्यायचा आणि नवा वेगळा विकायचा, यात दोन्हीकडे फायदा होतो.

जाहिरात

फोटो दिवसा, खिडकीपाशी, सहा: समोर, मागे, दोन्ही बाजू, सीरियल नंबर आणि सगळ्यात वाईट ओरखडा. एका फोटोत व्हर्नियर लावून आकडा दिसू द्या. मजकूर असा:

‘जॅझ बेसचा ब्रिज पिकअप, पॅसिव्ह. लांबी ९४ मिमी. सुटा मोजून ७.८ किलोओहम. वायर १८ सेंमी, एकदा सोल्डर केलेली. झाकणावर एक ओरखडा, फोटोत आहे. दोन स्क्रू सोबत, स्प्रिंग नाहीत. बेळगाव, टिळकवाडीत येऊन वाजवून बघता येईल. पार्सल खर्च वेगळा.’

एवढं लिहिलं की चौकशीचे फोन निम्मे होतात, आणि उरलेले खरे गिऱ्हाईक असतात. हाच मजकूर कन्नडमध्येही टाका. हुबळी-धारवाडचा वाचणारा त्यामुळे जोडला जातो.

पैसे

भेटायची जागा बसस्टँड नको. जिथे प्लग आणि अॅम्प आहे तिथे भेटा: वाद्यांचं दुकान, सराव खोली, चर्चचा हॉल. दुसरा माणूस गोव्याहून येत असेल तर येण्याआधी चालू पेडलचा अखंड व्हिडिओ मागा, ज्यात सुरुवातीला सीरियल नंबर आणि मग वाजवणं दिसेल.

‘मी सैन्यात आहे, बदली झाली, सामान विकायचंय’ असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे ठग सगळ्या देशात आहेत. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरोघरी जवान आहेत, म्हणून आपला विश्वास चटकन बसतो. ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नाही. माल समोर बघितल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही; कोणी तसं सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, पहिल्या तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

विसार द्यायचा असेल तर भावाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त देऊ नका, आणि तो कशासाठी, किती दिवसांसाठी, हे संदेशात लिहून घ्या. सीरियल नंबर खरवडलेला असेल तर माल घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. साधी पावती, दोघांची नावं, तारीख, सीरियल नंबर आणि रक्कम एका कागदावर लिहून दोघांनी फोटो काढून ठेवला की पुढे कुणालाच अडचण नाही.

पार्सल

कुरिअर वजन दोन प्रकारे धरतं: खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं, यांतलं जास्त ते. आकाराचा हिशेब बहुतेक ठिकाणी लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. नेकचं ९५ बाय १६ बाय १० सेंमीचं खोकं म्हणजे ३.०४ किलो, खरं वजन एक किलोच्या आसपास असलं तरी. भाव ठरवण्याआधीच हा आकडा काढा. पेडलचं २० बाय १५ बाय १२ चं खोकं ०.७२ किलो धरलं जातं.

पेडलमधली बॅटरी काढा. बटणांवर पुठ्ठ्याची चौकट बसवा, म्हणजे वरून दाब आला तरी पॉटचे दांडे वाकणार नाहीत. पिकअप फोममध्ये गुंडाळून वायर सैल ठेवा आणि चुंबकाजवळ सुटे स्क्रू टाकू नका. ते उडून चिकटतात आणि बारीक तार फोडतात. नेकवरच्या चाव्या काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. नेकच्या मागे त्याच्याच लांबीची लाकडी पट्टी बांधा आणि हेडस्टॉकच्या मानेखाली थर्माकोल किंवा फोम भरा, कारण खोकं आपटलं की नेक तिथेच मोडतो. पावसाळ्यात सगळं आधी प्लास्टिकमध्ये, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, मग खोक्यात. बांधताना व्हिडिओ काढा, आणि घेणाऱ्यालाही उघडताना काढायला सांगा.

नेक घेणाऱ्याला आणखी एक निरोप द्या. खानापूरच्या दमट हवेतून अथणी-चिकोडीच्या कोरड्या भागात गेलेला नेक पहिल्या दिवशी वाकडा दिसू शकतो. खोकं उघडून तो दोन दिवस सावलीत आडवा ठेवायचा, मग बसवून तारा चढवायच्या, सुरात लावून रात्रभर सोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ८ व्या फ्रेटवरची फट मोजूनच ट्रस रॉडला हात लावायचा. एका वेळी पाव वळसा, पुढचा पाव दुसऱ्या दिवशी.